जुने ट्रॅक्टर आणि चोरटी अश्वशक्ती



संतवाङ्मय, राज्यघटना, नाटक आणि महागाई हे विषय या व्यासपीठाला नवे नाहीत. ट्रॅक्टर मात्र नवा असावा. त्यातून तो जुना ट्रॅक्टर, तोही अमेरिकेतला, आणि त्यातही त्याच्या मालकाने केलेली लबाडी! कार्यक्रमपत्रिका वाचून कोणाच्या भुवया वर गेल्या असतील, तर त्यात नवल नाही. तरीही हा विषय आम्ही घेतला, याला कारण आहे. पैशासाठी माणूस लबाडी करतो हे आपल्याला समजते. त्यात कुतूहल वाटण्यासारखे काही उरलेले नाही. पण जिथे बक्षीस म्हणून एक लाकडी ढाल किंवा पितळी पेला मिळायचा, जिथे स्पर्धेला येण्याजाण्याचा खर्चही बक्षिसातून निघत नाही, जिथे समोरचा स्पर्धक हा शेजारच्या गावचा शेतकरी आहे आणि उद्या बाजारात भेटणार आहे, तिथे माणूस इंजिन उघडून, त्यात गुपचूप मोठे दट्ट्ये बसवून, वरून जुना रंग फासून मैदानात का उतरतो? हा प्रश्न ट्रॅक्टरचा थोडा आणि माणसाचा बराच आहे.

आधी खेळ समजून घेऊ.

अमेरिकेच्या मध्यभागी ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, मिसूरी, नेब्रास्का अशी सपाट, काळ्या मातीची, मक्याची राज्ये आहेत. तिथे दर उन्हाळ्यात जिल्ह्याजिल्ह्याची शेतकी जत्रा भरते. ट्रॅक्टर येण्यापूर्वी या जत्रांतून घोड्यांच्या ओढीच्या शर्यती होत. घोड्यांची जोडी एका बिनचाकी, सपाट गाड्याला जुंपायची, त्यावर दगड रचायचे आणि कोणाची जोडी अधिक ओझे ओढते ते पाहायचे. शंकरपट आणि बैलगाड्यांच्या शर्यती ठाऊक असलेल्या आपल्या श्रोत्यांना यात काही समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की आपल्याकडे चुरस वेगाची, तिकडे ओझ्याची. पुढे घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आला. ओहायोतील व्हॉनस्व्हिल आणि मिसूरीतील बोलिंग ग्रीन या ठिकाणी १९२९ साली ट्रॅक्टरांच्या पहिल्या ओढी झाल्या असे सांगतात.

सुरुवातीला ओझे वाढवण्याची युक्ती मोठी गमतीची होती. धावपट्टीच्या कडेला ठराविक अंतरावर माणसे उभी करायची आणि गाडा समोरून जाऊ लागला की एकेकाने त्यावर पाय ठेवून चढायचे. ट्रॅक्टर जसजसा पुढे जाई तसतशी गाड्यावरची गर्दी वाढे आणि शेवटी तो जागच्या जागी थबके. वेग वाढू लागले तेव्हा ही चढाई धोक्याची ठरली. मग चाकांचा नवा गाडा आला. त्यावर वजनाची एक पेटी असते. गाड्याची चाके फिरू लागली की साखळीने ती पेटी मागून पुढे सरकते आणि गाड्याच्या तोंडाशी असलेला लोखंडी तळ जमिनीत अधिकाधिक रुततो. म्हणजे ओझे तेच, पण ते ओढायला लागणारा जोर पावलागणिक वाढत जातो. तीनशे फूट गेलात की पूर्ण ओढ झाली. अलीकडे थांबलात तर जिथे थांबलात तिथे फीत लावून अंतर मोजायचे.

१९६९ साली आठ राज्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापन केली आणि खेळाला एकच नियमावली मिळाली. त्याचबरोबर पैसाही आला. १९७० च्या दशकाच्या आरंभी ओहायोतल्या दोघा भावांनी एका ट्रॅक्टरवर अनेक इंजिने जोडण्याची पेटी तयार केली, आणि मग तीन इंजिने, चार इंजिने, विमानांची इंजिने असा जो गदारोळ सुरू झाला तो आजही चालू आहे. तो आजचा विषय नव्हे. त्या गदारोळात ज्याच्याकडे आजोबांचा एक जुना ट्रॅक्टर होता आणि खिशात फारसे काही नव्हते, त्या माणसाचे काय, हा आजचा विषय आहे. त्याच्यासाठी प्राचीन ट्रॅक्टरांचे वर्ग निघाले. प्राचीन म्हणजे ढोबळमानाने १९५० च्या दशकाअखेरपर्यंतचे. साल प्रत्येक मंडळ आपापले ठरवते. त्यांचा नियम ऐकायला अगदी सोपा आहे: कारखान्यातून जसा आला तसा ट्रॅक्टर आणा, वजनकाट्यावर चढा, आपल्या वजनाच्या वर्गात ओढा आणि घरी जा.

आता इथे थोडे मागे, १९१९ सालाकडे जावे लागेल. कारण 'कारखान्यातून जसा आला तसा' या चार शब्दांचा अर्थ काय, हे सांगणारा पुरावा त्या साली निर्माण झाला.

त्या काळी ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्या उदंड झाल्या होत्या आणि प्रत्येकीचा दावा दुसरीपेक्षा मोठा होता. नेब्रास्कातील पोल्क जिल्ह्यात विल्मट क्रोझिअर नावाचा शेतकरी होता. त्याने एक 'फोर्ड' ट्रॅक्टर घेतला. मोटरवाल्या हेन्री फोर्डचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस पदरी बाळगून ते नाव आपल्या यंत्रावर चढवले होते. यंत्र अर्थातच कुचकामी निघाले. क्रोझिअरने दुसरा ट्रॅक्टर घेतला, तोही तसाच. तिसरा घेतला तो रुमेली कंपनीचा. तीन नांगर ओढेल म्हणून विकलेला तो ट्रॅक्टर पाच नांगर ओढू लागला. क्रोझिअर पुढे राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेला आणि तिथे त्याने हा अनुभव विसरू दिला नाही. १९१९ साली नेब्रास्काने कायदा केला: ज्या कंपनीला या राज्यात ट्रॅक्टर विकायचा आहे तिने तो आधी लिंकन येथील विद्यापीठात तपासून घ्यावा, आणि जाहिरातीतली शक्ती खरोखर त्यात आहे हे सिद्ध करावे. १९२० साली पहिली तपासणी झाली ती वॉटरलू बॉय या ट्रॅक्टरची. तेव्हा ट्रॅक्टरची शक्ती दोन आकड्यांनी सांगत. वॉटरलू बॉय होता '१२-२५', म्हणजे ओढीला बारा अश्वशक्ती आणि पट्ट्यावर पंचवीस. तो कसोटीला उतरला. तेव्हापासून तिथे शेकडो ट्रॅक्टर तपासले गेले आणि प्रत्येकाचा छापील अहवाल निघाला. इंजिनाचे फेरे, दट्ट्याचा व्यास, त्याची धाव, ओढ, वेग, सगळे त्यात आहे. ती प्रयोगशाळा आजही चालू आहे.

यातली गंमत श्रोत्यांच्या ध्यानात आली असेल. कारखानदार नसलेली शक्ती आहे म्हणून सांगत होता, म्हणून शेतकऱ्याने हा कायदा करवून घेतला. आज त्याच शेतकऱ्याचा नातू असलेली शक्ती नाही म्हणून सांगतो, आणि त्याला पकडायला पंच तेच जुने अहवाल काखेत घेऊन मैदानात उभे असतात. खोटे बोलण्याची दिशा तेवढी बदलली!

पण शक्ती लपवतात कशी? इथे थोडे गणित येईल; ते आम्ही शक्य तितके सौम्य करू.

ट्रॅक्टर किती ओढेल हे दोन गोष्टींवर ठरते. एक, त्याच्या मागच्या चाकांची जमिनीवरची पकड. ती वजनावर अवलंबून. म्हणून चालकासकट वजन करतात, आणि कमी भरले तर ओतीव लोखंडाच्या लाद्या लावून वर्गाच्या मर्यादेपर्यंत आणतात. दुसरी गोष्ट, ती पकड असताना चाक किती जोराने आणि किती वेगाने फिरते. ओढ पौंडांत मोजा, वेग ताशी मैलांत मोजा, दोहोंचा गुणाकार करून ३७५ ने भागा. येईल ती ओढीची अश्वशक्ती. तीन हजार पौंडांचे ओझे ताशी तीन मैलांनी ओढायला चोवीस अश्वशक्ती लागते. तेच चार मैलांनी ओढायचे तर बत्तीस. वजन सर्वांचे सारखे केले की चुरस उरते ती या दुसऱ्या गोष्टीची. ज्याच्या अंगात चार घोडे जास्त, तो गाड्याला सुरुवातीलाच जास्त वेग देतो, आणि शेवटच्या चाळीस फुटांत पेटी पुढे येऊन इतरांचा श्वास कोंडतो तेव्हा तोच वेग त्याला आणखी दहा फूट नेतो. दहा फूट म्हणजे पहिला नंबर.

सगळ्यांत सोपी चोरी गव्हर्नरची. गव्हर्नर म्हणजे इंजिनाला ठराविक फेऱ्यांच्या पलीकडे जाऊ न देणारा भाग; त्यात फिरती वजने असतात आणि त्यांना आवरणारी एक स्प्रिंग. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा 'फार्मॉल एम' हा १९३९ साली निघालेला ट्रॅक्टर घेऊ. अडीच लाखांहून अधिक विकला गेलेला हा ट्रॅक्टर प्राचीन वर्गात नेहमी दिसतो. त्याचे नेमलेले फेरे मिनिटाला १४५०. स्प्रिंग बदलून ते दोन हजारांवर नेले आणि दर फेऱ्यातला जोर तेवढाच राहिला, तर शक्ती एक तृतीयांशाहून अधिक वाढते. तेवढा जोर अर्थात टिकत नाही, पण लाभ उरतोच. आणि खर्च किती, तर एका स्प्रिंगचा! म्हणून पंच फेरे मोजतात. म्हणून मालक मोजणीच्या वेळी हातातला दांडा शेवटपर्यंत ढकलत नाही. म्हणून पंच स्वतः दांडा ढकलतात. म्हणून मालक दांड्याच्या वाटेत एक लपवलेली अडणी बसवतो. मोजणीच्या वेळी ती लावायची आणि ओढीच्या वेळी काढून घ्यायची. हा चोर-शिपायाचा खेळ कुठवर जाईल याला मर्यादा नाही.

तरीही फेऱ्यांची चोरी कच्ची चोरी म्हटली पाहिजे. इंजिनाचा आवाज चढला की धावपट्टीच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांना ती डोळे मिटून कळते. पक्की चोरी आवाज करत नाही. ती सिलिंडरच्या आत असते.

फार्मॉल एमच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास तीन पूर्णांक सात अष्टमांश इंच आणि दट्ट्याची धाव सव्वापाच इंच. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला धावेने आणि चाराने गुणा. आकारमान २४८ घनइंच येते. आता हे पाहा. १९५२ साली त्याच कंपनीने 'सुपर एम' काढला, त्यात व्यास केला चार इंच; आकारमान झाले २६४. पुढे १९५६ साली '४५०' काढला, त्यात व्यास चार पूर्णांक एक अष्टमांश, आकारमान २८१. धाव तिन्हींत तीच. बाहेरून ब्लॉकचे रूप इतके सारखे की वाटसरूला फरक सांगता येणार नाही. म्हणजे १९३९ च्या अंगात १९५६ चे आतडे घालायला काही विशेष कारागिरी लागत नाही. एक अष्टमांश आणि पुन्हा एक अष्टमांश, मिळून पाव इंच फक्त. त्या पाव इंचाने आकारमान तेरा टक्क्यांनी वाढते. ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक घासून काढला, वर लाल रंगाचा हात दिला की काम झाले.

(हे इंटरनॅशनल नाव आपल्याकडच्या जुन्या बागाईतदारांना अपरिचित नाही. १९६३ साली याच कंपनीशी भागीदारी करून महिंद्रांनी मुंबईत ट्रॅक्टर बनवायला घेतले, आणि त्यांचा बी-२७५ महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतांतून फिरला. त्या घराण्याचा हा अमेरिकन चुलता, असे समजा.)

इथवर ऐकून कोणी म्हणेल, यात अवघड काय आहे? आकारमान २४८ चे असले पाहिजे असा नियम करा, त्याहून मोठे असेल तर हाकलून द्या. पण खरी अडचण इथेच सुरू होते, आणि आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला विचार करण्याजोगा भाग हाच.

ऐंशी वर्षे चाललेले इंजिन झिजते. झिजल्यावर लायनर आणि दट्ट्ये बदलावे लागतात. आज दुकानात फार्मॉल एमसाठी दट्ट्यांचा संच मागितला तर बहुधा चार इंचीच पुढ्यात येतो, कारण तोच बनतो आणि तोच खपतो. ज्याने निव्वळ दुरुस्ती केली त्याचे इंजिनही असे २६४ चे होऊन बसते. मग तो चोर की गरजू? पुष्कळ मंडळांनी म्हणूनच मूळ व्यासाहून एक अष्टमांश इंच वाढ माफ केली. माफी मिळताच ती सर्वांची गरज झाली, आणि ज्याला चोरी करायची होती तो त्याच्या पुढच्या अष्टमांशाकडे वळला.

दुसरे असे, की ज्या काळाला हे लोक शुद्ध समजतात त्या काळातला शेतकरी तरी शुद्ध कुठे होता? १९५० च्या दशकात इलिनॉयमधील एम अँड डब्ल्यू गिअर कंपनी शेतकऱ्यांना मोठे दट्ट्ये आणि जास्तीचे गिअर उघडउघड विकत होती. ते बसवून लोक शर्यत नव्हे, शेत नांगरत होते. ट्रॅक्टर कंपन्या स्वतः उंच प्रदेशासाठी निराळे दट्ट्ये देत असत. डोंगरावर हवा विरळ, म्हणून तिथे दाब वाढवणारे दट्ट्ये लागतात. तेच दट्ट्ये ओहायोच्या सपाटीवर बसवले की शक्ती फुकटात वाढते, आणि भाग तर अस्सल कंपनीचा! केरोसीनसारख्या हलक्या प्रतीच्या तेलावर चालण्यासाठी कमी दाबाचे केलेले इंजिन पेट्रोलचे हेड चढवून सुधारणे, हे तर गावोगावच्या मिस्त्रीचे रोजचे काम होते. आता वडिलांनी १९५४ साली नांगरटीसाठी बसवलेले दट्ट्ये मुलाने तसेच ठेवले, तर त्याने नियम मोडला की वारसा जपला? नियमपुस्तकात कारखान्याचा ट्रॅक्टर आहे. मुलाच्या आठवणीत वडिलांचा ट्रॅक्टर आहे. दोन्ही जुनेच, पण एक नव्हेत.

या संदिग्धतेचा फायदा प्रामाणिक माणसाला होत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. ती लबाडाची ढाल होते. 'आम्ही घेतला तेव्हापासून असाच आहे' हे वाक्य खरे बोलणाराही उच्चारतो आणि खोटे बोलणाराही, आणि पंचाला दोघांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

मग तपासायचे कसे? जिथे स्पार्क प्लगचे भोक सरळ दट्ट्यावर उघडते तिथे सळई घालून दट्ट्याची धाव मोजता येते. व्यास तसा मोजता येत नाही. त्यासाठी प्लग काढून त्या भोकाला एक यंत्र लावतात, इंजिन फिरवतात, आणि एका धावेत किती हवा ढकलली गेली त्यावरून आकारमान काढतात. सिलिंडरला गळती असली तर आकडा कमी येतो; आणि जुन्या इंजिनाला गळती नसेल तर ते जुने कसले? म्हणून वाद पेटला की शेवटचा उपाय एकच: हेड उघडणे. त्याची रीत ठरलेली आहे. तक्रार करणाऱ्याने अनामत रक्कम ठेवायची. इंजिन उघडून शुद्ध निघाले तर ती रक्कम मालकाला. अशुद्ध निघाले तर तक्रारदाराला परत आणि मालकाचा नंबर रद्द. मालकाने उघडायला नकार दिला तर तो दोषी.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे. मैदानात तिचे काय होते ते पाहा. संध्याकाळचे नऊ वाजलेले, दिवे लागलेले, मुले पेंगुळलेली. हेड उघडायला दोन-तीन तास, नवे गॅस्केट, सांडलेले पाणी, आणि भोवती कोंडाळे. तक्रार कोणाविरुद्ध? ज्याने गेल्या सुगीत आपली मळणी करून दिली त्याच्याविरुद्ध. आणि संशय खोटा निघाला तर? अनामत जाईल ते सोडा. त्याच्या बायकोला आपल्या बायकोने चर्चमध्ये काय तोंड दाखवायचे? म्हणून बहुतेक तक्रारी तोंडातच राहतात. त्या गाडीत बसून घरी जाताना बोलल्या जातात. पुढच्या वर्षी त्या माणसाचा ट्रॅक्टर मैदानात दिसत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दोघांचे दिसत नाहीत. वर्गात बारा होते तिथे पाच राहतात आणि पाचांतला पहिला नंबर दर वेळी एकाचाच असतो. त्याच्या घरी ढालींना जागा पुरत नाही, आणि ओढायला समोर कोणी उरत नाही. या चोरीत पैसा जात नाही म्हणून ती क्षुल्लक, असे ज्यांना वाटते त्यांनी हे नुकसान मोजून पाहावे.

काही मंडळांनी यातून वाट काढली. चोरी थांबत नाही तर तिला वेगळी खोली द्या! त्यांनी पायऱ्या केल्या: एका पायरीवर फेरे नेमलेले तेवढेच, वरच्या पायरीवर थोडे जास्त, त्याच्या वर इंजिनात फेरफार मोकळे. विचार सुज्ञ होता. पण वरच्या पायरीवर ज्याला पाचवा नंबर मिळतो तो खालच्या पायरीवर पहिला येऊ शकतो, हे न कळण्याइतके शेतकरी भोळे नसतात. वरून खाली उतरणाऱ्यांचा हा ओघ पुन्हा त्या साध्या, आजोबांच्या ट्रॅक्टरवाल्याच्याच अंगावर येतो.

अमेरिकन माणूस मुळातच असा, असे म्हणून मात्र आपल्याला सुटका करून घेता येणार नाही. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात शेतीपंपांना मीटरऐवजी मोटरच्या अश्वशक्तीवर ठोक वीजआकारणी सुरू झाली. तेव्हापासून पाच घोड्यांच्या मोटरीवर तीन घोड्यांची पाटी ही गोष्ट खेड्यापाड्यांतून कोणाला नवी राहिली नाही. वायंडिंग करणाऱ्या कारागिराकडे मोटर जायची ती अंगाने भरून यायची, पाटी मात्र जुनीच. अश्वशक्तीवर दाम ठरला की पाटीवरचे घोडे घटतात. अश्वशक्तीवर विक्री ठरली की ते वाढतात. क्रोझिअरच्या 'फोर्ड'पासून आपल्या विहिरीपर्यंत घोड्यांची ही भरती-ओहोटी सारखीच चालते. फरक एवढा की आपल्या शेतकऱ्याला निदान बिलाचे कारण होते. ओढीच्या मैदानातल्या माणसाला तेही नाही.

मग त्याला काय आहे? आम्हाला वाटते, त्याला हरणे सहन होत नाही असे नव्हे. त्याला आपला ट्रॅक्टर हरलेला सहन होत नाही. लाल फार्मॉल आणि हिरवा जॉन डीअर यांची घराण्याघराण्यांतली ईर्ष्या तीन पिढ्यांची आहे. जॉन डीअरचे दोनच सिलिंडरांचे इंजिन ठोके मोजता येतील अशा संथ लयीत चालते, आणि त्या ठोक्यांवर माणसे बालपणापासून जीव लावून असतात. ज्या यंत्राने बापाला कर्जातून बाहेर काढले ते यंत्र एका उपऱ्या रंगाच्या मागे दहा फूट राहते, हे डोळ्यांना बघवत नाही. मग पाव इंचाची मदत ही लबाडी न वाटता सेवा वाटू लागते. आपल्या बैलाला शर्यतीआधी काय काय चारतात, ते आठवून पाहिले म्हणजे ही भावना परकी वाटणार नाही. ती समजते, पण समजली म्हणून माफ करावी असे आम्हाला वाटत नाही.

कारण यात एक गोष्ट केवळ मानापमानाची नाही. जुने ओतीव लोखंड नेमलेल्या फेऱ्यांसाठी ओतलेले असते. फेरे वाढले की फ्लायव्हीलवर आणि क्लचवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १४५० चे दोन हजार केले की तो जवळजवळ दुप्पट होतो. असे चाक फुटले तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे जातात, आणि त्यांच्या वाटेत चालकाचे पाय असतात. म्हणून नियमांची रचनाच अशी की फेरे जितके जास्त, तितकी पोलादी कवचे जास्त. ज्याने खालच्या पायरीवर नाव नोंदवले त्याला कवच लागत नाही, कारण पंचाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. चोरट्या फेऱ्यांचा ट्रॅक्टर म्हणजे बिनकवचाचा ट्रॅक्टर. तसेच पुढचा भाग उचलून ट्रॅक्टर मागे उलटण्याचे. त्यासाठी मागे टेकू लावतात आणि इंजिन एका ओढीसरशी बंद पडावे म्हणून दोरी बांधतात. तो धोकाही नोंदलेल्या नव्हे, खऱ्या शक्तीने ठरतो.

अलीकडे निघालेला एक उपाय आम्हाला या सर्वांत शहाणपणाचा वाटतो. काही ठिकाणी इंजिनाच्या पोटात डोकावणेच सोडून दिले आहे. गाड्यावर उपग्रहाच्या साह्याने वेग मोजणारे यंत्र बसवायचे आणि नियम एकच ठेवायचा: वर्गाला नेमलेला ताशी वेग ओलांडला की लाल निशाण, ओढ बाद. साडेतीन मैलांचा वर्ग, पाच मैलांचा वर्ग. आत २४८ घनइंच असोत की २८१, तुला वेग वाढवता येत नाही. मग जास्तीचे घोडे तबेल्यातच उभे राहतात. शेवटच्या फुटांत वेग पडू न देण्यापुरते ते उपयोगी पडतात, नाही असे नाही. पण सुरुवातीची मुसंडी गेली, आणि मुसंडीबरोबर निम्मा लोभही गेला. त्यात कोणाच्या बायकोला तोंड चुकवावे लागत नाही. आकडा सर्वांसमोर फळ्यावर दिसतो. शेजाऱ्याची अब्रू शेजाऱ्याच्या हाती न देणारा नियम, हा त्याचा मोठा गुण.

जुन्या मताचे लोक यावर चिडतात, आणि त्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. ते म्हणतात, मग प्राचीन ट्रॅक्टरची शर्यत कशाला म्हणता? आतले यंत्र कोणतेही चालते तर तो केवळ जुना पत्रा झाला. आमच्या आजोबांनी काय ओढले ते आम्हाला पाहायचे आहे, ताशी साडेतीन मैल पाहायचे नाहीत. या आक्षेपाला वेगमर्यादेकडे उत्तर नाही. म्हणून तिथल्या अनेक जत्रांत दोन्ही प्रकार शेजारीशेजारी चालतात. दुपारी वेगाच्या मर्यादेचे वर्ग. त्यांत गर्दी असते, पोरेसोरेही चालवतात, आणि नातवाच्या मागे आजोबा लोखंडी लाद्या उचलताना दिसतात. संध्याकाळी कारखान्याप्रमाणे म्हणवणारे वर्ग. त्यांत ट्रॅक्टर कमी, आणि रंग अधिक चकचकीत. पहिला नंबर आलेला ट्रॅक्टर ओढ संपल्यावर थेट मालमोटारीवर चढत नाही. पंच त्याला कुंपणाच्या आत एका बाजूला घेतात. इंजिन निवेपर्यंत सगळे उभे राहतात, फारसे कोणी बोलत नाही. मग एक जण पाना घेऊन पहिला प्लग काढायला वाकतो.